छत्री सरदाराची, आकडा शिपायाचा

बाळापुरात नदीकाठी काळ्या दगडाची एक छत्री उभी आहे. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री म्हणून ती सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरचा किल्ला पाहून झाला की शाळेच्या सहलीतली पोरं इकडे येतात, सावलीत डबे उघडतात, आणि गुरुजी जयसिंगांची गोष्ट सांगतात. औरंगजेबाचा सेनापती, 1665 चा पुरंदरचा तह, 1667 मध्ये बऱ्हाणपुरात आलेला मृत्यू. साडेतीनशे पावसाळे गेले, नद्यांचे पूर येऊन गेले, नाव टिकलं.

या सरदाराबरोबर दक्षिणेत उतरलेल्या साध्या स्वारांपैकी, प्याद्यांपैकी एकाचंही नाव बाळापुरात कोणाला सांगता येत नाही. त्या काळाचा रिवाजच तो होता, दगड सरदाराचा आणि माती शिपायाची. त्या काळाशी मला भांडायचं नाही. माझं भांडण आपल्या पणजोबांच्या काळाशी आहे. त्या काळात भरतीच्या वेळी शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा हे सगळं कागदावर उतरवून घेत होते. आणि तरीही तो मेल्यावर दगडावर त्याचा नुसता आकडा झाला.

इंग्लंडमध्ये ब्रायटन शहराजवळच्या टेकडीवरही एक छत्री आहे आणि तिलाही तिकडे छत्रीच म्हणतात. 1914-15 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई ब्रायटनच्या इस्पितळांत आणले जात. त्यांतले जे हिंदू आणि शीख तिथे मेले त्यांना या टेकडीवर अग्नी दिला, मुसलमानांना वोकिंगच्या मशिदीजवळ पुरलं. पुढे दहनाच्या जागी मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून संगमरवरी छत्री बांधली आणि 1 फेब्रुवारी 1921 रोजी तिचं अनावरण झालं. तिथे दहन झालेल्यांची नावं दगडावर कोरून लागली ती मात्र 2010 मध्ये. त्रेपन्न नावं होती. त्रेपन्न नावं लिहायला नव्वद वर्षं लागली.

महायुद्धांत लढलेल्या शिपायांच्या स्मरणाबद्दल मला म्हणायचं आहे ते एवढ्याशा गोष्टीभोवती आहे. त्यांचा गौरव, त्यांचं शौर्य, त्यांचं ऋण हे सगळं नंतरचं. आधी नाव. नावाशिवाय केलेलं स्मरण हे स्मरण करणाऱ्याचंच असतं, मेलेल्याचं होत नाही.

आपण वऱ्हाडी माणसं या विषयापासून स्वतःला लांब ठेवत आलो आहोत. फौज म्हटलं की आपण साताऱ्याकडे बोट दाखवतो. तिकडे अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटला आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण गेले. आपला मुलूख पऱ्हाटीचा, खारपाणपट्ट्याचा. आपला पलटणीशी संबंध काय, असं आपण धरून चालतो. पण वऱ्हाडाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास फौजेच्या पगारापासूनच सुरू होतो. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट नावाची. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पगार थकले, कर्ज चढत गेलं, आणि 1853 च्या तहाने निजामाने त्या फौजेच्या खर्चापोटी जे मुलूख इंग्रजांच्या हवाली केले त्यांत वऱ्हाड होतं. बाकीचे जिल्हे 1860 मध्ये परत गेले. वऱ्हाड परत गेलं नाही, कारण इथे कापूस होता. बाळापूर, अकोला, अमरावतीच्या काळ्या मातीतून वसूल होणारा शेतसारा पलटणींच्या पगाराला लावून दिला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खं वऱ्हाड फौजेसाठी गहाण पडलं. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने ते गहाणखत कायमच्या पट्ट्यात बदलून घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये निजामाला देऊन. पुढच्याच वर्षी कंटिंजंटच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळल्या आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. पायदळाला 94 ते 99. त्यांतल्या 96 व्या पलटणीचं नाव ठेवलं 'बेरार इन्फन्ट्री'. घोडदळातली एक तुकडी झाली 20 वी डेक्कन हॉर्स.

या पलटणी कुठे कुठे गेल्या ते पाहावं. 98 व्या पलटणीचं मूळ आपल्या अचलपुरात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नबाब सलाबतखानाच्या पदरी उभी राहिलेली ती फौज. बाळापूरचा किल्ला 1757 मध्ये पुरा करणारा इस्माईलखान हाही अचलपूरचाच नबाब. ही 98 वी पलटण नोव्हेंबर 1914 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या टांझानियातल्या टांगा बंदरावर उतरवली गेली. दिवसांमागून दिवस जहाजात कोंबून आणलेली माणसं, ठाऊक नसलेली भूमी, झाडीत दबा धरून बसलेल्या जर्मनांच्या बंदुका आणि त्यात चवताळलेल्या मधमाश्यांची पोळी. इंग्रजी इतिहासांत या लढाईचं वर्णन मधमाश्यांमुळे रंगवून येतं. त्या वाळूत पडलेल्यांचं नाव त्या वर्णनांत येत नाही. 20 वी डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर हायवूडजवळ उभ्या पिकातून भाले घेऊन मशीनगनींवर चालून गेली. त्या तोफखान्याच्या युद्धात घोड्यावरून भाल्याने लढायला पाठवलेली ही माणसं.

98 व्या पलटणीची गोष्ट इथे संपत नाही. 1922 मध्ये ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी 1942 मध्ये, मलायातल्या स्लिम नदीवर जपानी रणगाड्यांनी ज्या ब्रिगेडचा चुराडा केला तिच्यात ती होती. मागे उरले ते फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर कैदेत गेले. 1945 मध्ये रेजिमेंटचं नाव बदलून कुमाऊँ झालं. आणि 3 नोव्हेंबर 1947 रोजी श्रीनगरच्या विमानतळाशेजारी बडगामला मेजर सोमनाथ शर्मा ज्या तुकडीच्या पुढे उभे राहून पडले, ज्यांना पहिलं परमवीर चक्र मिळालं, ती हीच चौथी बटालियन. टांग्याला मेलेला गुलाम आणि बडगामला मेलेला हुतात्मा अशी वाटणी करायला जे निघतात त्यांनी आधी या एका पलटणीची वाट अचलपुरापासून चालून पाहावी. पलटण तीच होती, तिचा शिरस्ता तोच होता. मधे देशाचं दैव पालटलं.

जुन्या 96 व्या बेरार पलटणीची आज दुसरी कुमाऊँ बटालियन आहे आणि तिच्या नावापुढे अजूनही 'बेरार' लिहिलं जातं. हिमालयातला जवान वऱ्हाडाचं नाव वागवतो आणि वऱ्हाडात ते कोणाला माहीत नाही. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मला लाज वाटली, अजून वाटते.

या पलटणींत वऱ्हाडी माणूस थोडाच होता, हे खरं. लढाऊ जाती कोणत्या ते इंग्रजांनी आपल्या सोयीने ठरवलं होतं आणि भरती मुख्यतः उत्तरेकडची होती, जाट, अहीर, पुढे कुमाऊँनी, त्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमान. सारा वऱ्हाडाने भरायचा, नाव वऱ्हाडाचं लावायचं, आणि माणूस मात्र लढाऊ नाही म्हणून बाजूला ठेवायचा. पण युद्ध पेटलं, माणसं कमी पडू लागली, तेव्हा हे सगळे नियम गुंडाळून ठेवले गेले. महारांचीच गोष्ट घ्या. कंपनीच्या काळापासून फौजेत असलेल्या महारांची भरती 1892 च्या सुमारास बंद केली, 1917 मध्ये गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडली, आणि दुसरं महायुद्ध आल्यावर 1941 मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभारली. तिची दुसरी बटालियन आपल्या विदर्भात, कामठीला उभी राहिली. अडीच पिढ्यांत दार दोनदा बंद झालं, दोनदा उघडलं, आणि दोन्ही वेळा उघडलं ते मरायला माणसं हवी होती म्हणून. तरी माणसं गेली, कारण त्या दारातून पगाराबरोबर शाळा आणि मान यांच्याकडे जाणारी वाट होती.

बंदूक हातात नसलेलेही गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या चौदा लाखांहून अधिक माणसांत साडेपाच लाखांच्या वर बिनलढाऊ होते. भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, धोबी, स्वयंपाकी, सफाईवाले, रूळ टाकणारे मजूर. गोळी त्यांनाही लागत होती. कॉलरा त्यांना आधी गाठत होता. गावात परतल्यावर मात्र 'लढाईवर गेला होता' असं म्हणायचा हक्कही त्यांना पुरता मिळाला नाही.

आता 'बलिदान' या शब्दाकडे येऊ. व्यासपीठावरून हा शब्द इतक्या सहज येतो की तो ऐकताना आपण थांबत नाही. मराठीत बळी देतात, बळी घेतात आणि बळी जातात. तीन क्रियापदं, तीन वेगळे हिशेब. स्वतःहून दिलेला बळी एक, दुसऱ्याने घेतलेला दुसरा, आणि कोणाच्या हातात काही नसताना गेलेला तिसरा. 'बलिदान' म्हटलं की तिन्ही हिशेब एकाच खात्यात पडतात आणि घेणारा सुटतो. 1914 मध्ये शिपायाचा पगार महिन्याला अकरा रुपये होता. अकरा रुपयांसाठी, दुष्काळातल्या घरासाठी, भावाच्या लग्नातलं कर्ज फिटावं म्हणून जो गेला, त्याने आपला जीव बादशहाच्या चरणी वाहिला असं म्हणणं खोटं आहे. तो भाडोत्री होता असं म्हणणं त्याहून खोटं आहे, आणि क्रूर आहे. मुंबईच्या गिरणीत पोटासाठी गेलेल्याला आपण कामगार म्हणतो, त्याच्या मोर्च्याला मान देतो. मग पोटासाठी पलटणीत गेलेल्याला का दूषण द्यावं? माझं मत असं की बहुतेकांचा बळी घेतला गेला. आणि तरीही त्या घेतल्या जाण्याच्या आत, खंदकात, शेजारच्या जखमी सोबत्याला पाठीवर घेताना, पाण्याची पखाल गोळ्यांतून पुढे नेताना, त्यांनी जे दिलं ते खरोखर दिलं. ते ज्याने घेतलं त्याच्या खात्यावर लिहिता येत नाही. त्याला बलिदान म्हणायला माझी हरकत नाही.

राष्ट्रवादी घरांतून येणारा आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते साम्राज्यासाठी लढले, त्यांची आठवण कशाला? आक्षेप घेणाऱ्यांनी 1918 सालाकडे पाहावं. लोकमान्यांच्या होमरूल लीगचं वऱ्हाड हे मोठं ठाणं होतं, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांचे उजवे हात. त्याच लोकमान्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवला होता. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार रंगरूट देतो, नाही दिले तर हे पैसे दंड म्हणून तुमचे. गांधीजींनी धनादेश परत केला. पण ते स्वतः त्या वर्षी खेडा जिल्ह्यात रंगरूट मिळवायला गावोगाव पायी फिरत होते. देशाचे दोन सर्वांत मोठे पुढारी माणसं पाठवायला तयार होते, कारण रक्ताच्या बदल्यात स्वराज्याचा हप्ता मिळेल अशी त्यांना आशा होती. हप्ता मिळाला तो रौलट कायद्याचा आणि जालियनवाला बागेचा. फसवणूक झाली ती सगळ्यांचीच. पुढाऱ्यांची फसवणूक आपण त्यांची राजनीती म्हणून समजून घेतो. शिपायाची फसवणूक मात्र त्याचा दोष म्हणून त्याच्याच माथी मारतो. हा न्याय नाही.

आता दगडाकडे. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली जी सहावी 'पूना' डिव्हिजन होती तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून ती फौज कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. धान्य संपलं, घोडे-खेचरं मारून खायची पाळी आली, धर्म आडवा आला म्हणून कित्येक शिपाई त्या मांसाला शिवले नाहीत आणि उपासाने, स्कर्वीने खंगले. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती दिली. पुढचा वाळवंटातला पायी प्रवास कित्येकांचा शेवटचा ठरला. या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते कळत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. गोऱ्या शिपायाचं, अगदी साध्या शिपायाचंही, नाव तिथे आहे. हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे. हिंदी शिपायांच्या जागी प्रत्येक पलटणीखाली एक ओळ आहे, 'आणि इतर इतके हिंदी शिपाई'.

हे स्मारक ज्या युद्धकबर आयोगाने उभारलं त्याचं पहिलं तत्त्वच असं होतं की मरणात हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद करायचा नाही. शंभर वर्षांनी, एप्रिल 2021 मध्ये, त्याच आयोगाने नेमलेल्या समितीने अहवाल दिला. पंचेचाळीस ते चोपन्न हजार आशियाई आणि आफ्रिकी मृतांची नोंद गोऱ्यांच्या तोडीने झाली नाही. आणखी किमान एक लाख सोळा हजारांची, कदाचित साडेतीन लाखांची, नावानिशी किंवा मुळीच नोंद नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी एक दिवस आली.

आकडा लिहिल्याने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. आपल्याकडच्या वीरगळांवर तरी कुठे नाव असतं? प्रश्न रास्त आहे. वीरगळावर खाली लढाई, मधे अप्सरा, वर शिवपिंडी आणि चंद्रसूर्य, नाव क्वचित. पण वीरगळ त्याच्याच गावच्या वेशीवर उभा असे. शेंदूर लावणाऱ्या बाईला तो कोण ते माहीत असे, आणि तिने ते सुनेला सांगितलेलं असे. गाव हेच त्याचं नाव होतं. समुद्रापार नेऊन मारलेल्या माणसाच्या दगडाजवळ त्याचं गाव नाही. तिथे अक्षरांशिवाय त्याला कोण ओळखणार? युद्धानंतर सरकारने आपल्याकडे कित्येक खेड्यांच्या चावडीवर संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. माणसाच्या स्वतःच्या गावातही त्याचा आकडाच पाठवला.

नाव असलं की काय होतं ते पाहायचं तर भीमा कोरेगावला जावं. तो खांब कंपनी सरकारने आपल्या विजयाची फुशारकी म्हणून उभारला. त्यावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, 49, आणि त्यांतली 22 नावं 'नाक' शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. शंभराहून अधिक वर्षांनी, 1 जानेवारी 1927 रोजी, बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या खांबाचा अर्थ बदलला. कंपनीचा विजय मागे पडला, ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जात होता त्यांचं शौर्य पुढे आलं. आज लाखो माणसं तिथे जातात ती कंपनीसाठी जात नाहीत. समजा, त्या दगडावर कंपनीने 'आणि इतर बावीस शिपाई' एवढंच कोरलं असतं तर? बाबासाहेबांना तिथे वाचायला काय मिळालं असतं? नाव लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो, ते एकदा लिहिलं गेलं की वारसांचं होतं. पुढची पिढी त्याला आपला अर्थ देऊ शकते. आकड्याला असा वारस मिळत नाही. म्हणूनच ज्यांना साम्राज्याचा तिटकारा आहे त्यांनी तर नावांचा हट्ट आधी धरायला हवा.

आपण स्वतंत्र झाल्यावर काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत. ज्यांच्यासाठी ते बांधलं ते चौऱ्याऐंशी हजार होते. 2019 मध्ये त्याच्याजवळ राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. तिथे एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव आहे, आणि ते पाहताना गळा दाटून येतो. पण ती नावं स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची. 1914 ते 1918 मध्ये गेलेले चौऱ्याहत्तर हजार आणि 1939 ते 1945 मध्ये गेलेले सत्त्याऐंशी हजार तिथे नाहीत. जुलै 1944 मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून पडलेले नाईक यशवंत घाडगे नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाने, ज्याच्या सुटकेसाठी ते लढले त्या गावाने, आठवण ठेवली. आपल्या साहित्याचंही असंच. अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी 'रणांगण' लिहिली तेव्हा दुसरं महायुद्ध उंबरठ्यावर होतं, आणि युरोपातल्या द्वेषाची धग त्या कादंबरीइतकी मराठीत कोणी आणली नाही. मात्र लढाईवर गेलेल्या आपल्या शिपायाची तशी कादंबरी मराठीला लाभली नाही.

मग वऱ्हाडाने, बाळापुराने काय करावं? पॉपीची कागदी फुलं छातीला लावावीत असं मी म्हणणार नाही. ती त्यांची रीत आहे, त्यांच्या शेतात उगवलेली. आपल्याकडे आपली रीत आहे आणि ती फार जुनी आहे. पित्तरपाठात आपण बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेऊन पान वाढतो. त्या पंधरवड्यात भाद्रपद वद्य चतुर्दशी ही खास शस्त्राने मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे, घातचतुर्दशी. ज्याच्या मरणाची तिथीच कळली नाही त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सर्वपित्री अमावास्या. पंचांग करणाऱ्यांनी परमुलखात मेलेल्याची सोय करून ठेवली होती. मुसलमान घरांत शब-ए-बरातला गेलेल्यांच्या नावाने फातिहा दिला जातो. बौद्ध घरांत 1 जानेवारी आहेच. बाळापूर हे तिन्ही घरांचं गाव आहे. एकाच पलटणीत, एकाच भांड्यातलं पाणी पिऊन मेलेल्यांची नावं या गावात एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, नदीकाठच्या त्या छत्रीखाली वाचली गेली तर जयसिंगांचा काही अवमान होणार नाही. तेही परमुलखात, परक्या बादशहाच्या चाकरीत मेले.

पण वाचायला नावं हवीत, आणि नावं गोळा करायला कोणी बाहेरून येणार नाही. पंजाबातल्या तीन लाखांवर शिपायांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात एका कोपऱ्यात पडून होत्या. 2021 पासून त्या लोकांसमोर आल्या, आणि इंग्लंडात स्थायिक झालेली नातवंडं-पणतवंडं त्यांत आपलं गाव शोधू लागली. वऱ्हाडासाठी तसा एक गठ्ठा तयार मिळेल या आशेवर बसून चालायचं नाही. युद्धकबर आयोगाच्या नोंदी आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात आणि कित्येक हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला आहे. तिथून सुरुवात करता येते. एखाद्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या वर्गाने एका हिवाळ्यात अकोला जिल्ह्याची यादी करायला घेतली तर ते काम कुठल्याही प्रकल्पवहीपेक्षा मोलाचं होईल.

यादीत न सापडणारे अधिक असतील. शिवाय 1918 च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरातून देशात शिरलेली मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आहे. युद्धाच्या जहाजांबरोबर आलेली ती साथ रेल्वेने भुसावळ, शेगाव, पारस, अकोला करत आत आली. मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त माणसं गमावलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. आपल्या गावातली माणसं युद्धाने घरातल्या खाटेवरच नेली. त्यांना कोणी शहीद म्हटलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्यांचीही आठवण निघावी.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, पेटीच्या तळाशी, आजीच्या बटव्यात, देव्हाऱ्यामागे एखादं जुनं पदक असेल. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि 1914-1918 हे आकडे. शिपायांना ते चांदीचं मिळालं, मजुरांना आणि इतर कामकऱ्यांना काशाचं. चांदीची कित्येक सोनाराच्या मुशीत गेली. तुमच्याकडचं राहिलं असेल तर विकण्याआधी ते उजेडात धरा आणि त्याची कड बोटाने पुसा. राजाकडे पाहू नका, कडेकडे पाहा. ज्या सरकारने बसऱ्याच्या दगडावर आकडा लिहिला, त्याच सरकारच्या टांकसाळीने पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, त्याचं नाव आणि त्याची पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली आहे. ते नाव मराठीत लिहून काढा, खाली गावाचं नाव लिहा, आणि येत्या घातचतुर्दशीला मोठ्याने वाचा.